खून इतवारीतच का व्हावा?

रहस्यकादंबरीची परीक्षा घ्यायची एक सोपी रीत आहे. तिच्यातलं गाव बदलून पाहायचं. मुंबईत घडलेली गोष्ट उचलून इंदूरला नेऊन ठेवायची, गिरगावच्या जागी राजवाडा म्हणायचं, लोकलच्या जागी बस, आणि पुन्हा एकदा शेवटापर्यंत जायचं. खुनी तोच निघाला, त्याला पकडून देणारा धागा तोच राहिला, गुप्तहेराचं शेवटच्या प्रकरणातलं भाषण एका शब्दानंही हललं नाही, तर समजावं की कादंबरीत गाव नव्हतंच. जुन्या संगीत नाटकांत मागे रंगवलेले पडदे सोडत: रस्त्याचा पडदा, राजवाड्याचा पडदा, अरण्याचा पडदा. पात्रं त्यांच्यापुढे उभी राहून गात. पडद्यावरच्या दारातून आत मात्र कुणी जात नसे. आपल्या बऱ्याचशा रहस्यकथांमधलं शहर असंच पडद्यावरचं आहे. धुकं, दिवे, एखादी बंद पडलेली गिरणी, समुद्राचा आवाज, एवढ्यावर त्याचं काम भागतं. माझं म्हणणं असं की रहस्यकादंबरीत स्थळ हा वर्णनाचा विषय नाही, तो पुराव्याचा विषय आहे. आणि हे ताडून पाहायला नागपूरच्या इतवारीइतकी चांगली जागा शोधून सापडायची नाही.

स्थळ पुराव्याचा विषय का, याचं कारण या साहित्यप्रकाराच्या घडणीतच आहे. प्रेमकथेचं गावावाचून एक वेळ भागेल. तपासाची कथा मात्र 'नेहमी काय होतं' हे ठाऊक असल्याशिवाय पाऊलभरही पुढे सरकत नाही. नेहमी उघडं असणारं दार आज बंद होतं, रोज झाडली जाणारी पायरी आज तशीच राहिली, भुंकणारा कुत्रा गप्प बसला. गुप्तहेराला जे खटकतं ते या नेहमीच्या पार्श्वभूमीवर खटकतं, आणि हे नेहमीचं प्रत्येक गावाचं वेगळं असतं. विल्की कॉलिन्सच्या 'द मूनस्टोन' या १८६८ सालच्या कादंबरीत यॉर्कशरच्या किनाऱ्यावर एक थरथरती रेती आहे. तिच्यात गेलेलं परत येत नाही, आणि दडवलेली वस्तू बाहेर काढायची तर समुद्राचं पाणी कधी उलटतं ती वेळ साधावी लागते. किनारा बदलला तर कादंबरीचा कणाच मोडतो. जपानी लेखक सेइचो मात्सुमोतो यांनी १९५८ साली पुस्तकरूपानं आलेल्या 'तेन तो सेन' (बिंदू आणि रेषा) या कादंबरीत याहून नेमकं काम केलं. तोक्यो स्थानकावर तेरा नंबरच्या फलाटावरून पंधरा नंबरचा फलाट एरवी दिसत नाही, कारण मधल्या रुळांवर सतत कुठली ना कुठली गाडी उभी असते. संध्याकाळच्या वेळापत्रकात फक्त चार मिनिटं अशी आहेत की मधले रूळ मोकळे असतात. त्या चार मिनिटांत कुणी कुणाला 'सहज' पाहिलं, यावर सगळी कादंबरी उभी आहे. तिथे तोक्यो स्थानकाचं वर्णन फारसं नाहीच. तोक्यो स्थानक कसं चालतं, हे आहे.

स्थळ आणि पुरावा किती घट्ट बांधलेले असतात याचा सर्वांत अस्वस्थ करणारा दाखला ऑस्ट्रेलियातला आहे. आर्थर अपफिल्ड हा लेखक १९२९ च्या सुमारास पश्चिम ऑस्ट्रेलियात सशांना अडवणाऱ्या लांबच लांब कुंपणावर राबत होता. त्याला एक कथानक हवं होतं, ज्यात मृतदेहाचा मागमूस राहणार नाही. सोबत्यांच्या गप्पांतून युक्ती निघाली. प्रेत जाळायचं, राख चाळणीतून चाळून खिळे, बटणं वगैरे धातूचे तुकडे वेगळे करायचे, ते तेजाबात विरघळवायचे, उरलेली हाडं कुटायची, आणि त्याच जागी एक-दोन कांगारू जाळायचे. त्या मुलखात कांगारूची जळकी हाडं पाहून कुणी दुसऱ्यांदा वळून पाहत नाही. ही चर्चा ऐकणाऱ्यांत स्नोई रोल्स नावाचा माणूस होता. कादंबरी प्रसिद्ध व्हायच्या आधीच त्या भागातले तीन जण नाहीसे झाले. 'द सँड्स ऑफ विंडी' १९३१ मध्ये आली. १९३२ मध्ये खटला चालला, अपफिल्डला साक्षीला उभं राहावं लागलं आणि रोल्स फाशी गेला. त्यानं युक्तीतल्या सगळ्या पायऱ्या पाळल्या नव्हत्या. राखेच्या ढिगात एक अंगठी राहिली, आणि ती ओळखली गेली ती सोनाराच्या हातामुळे, कारण तिला जोड देताना चुकून कमी कसाचं सोनं वापरलेलं होतं. ही युक्ती त्या मुलखातच सुचू शकते आणि तिथेच वापरता येते. मुंबईच्या चाळीत कुणी असं काही करू गेला तर पहिल्या धुरालाच शेजारी दारात येतील.

आता मराठीकडे. आपल्याकडची सुरुवातच अशी झाली की गाव हरवावं. रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकारानं १८४४ पासून आठवड्या-आठवड्याच्या अंकांत 'मिस्टरीज ऑफ लंडन' लिहिली, तिचा खरा नायक लंडन शहर. आपल्या गो. ना. दातारांनी याच रेनॉल्ड्सची कथानकं मराठीत आणली आणि 'कालिकामूर्ती', 'इंद्रभुवनगुहा' अशा नावांनी पिढ्यान्‌पिढ्या वाचकांना झपाटून टाकलं. भुयारं, गुहा, वेषांतरं सगळी आली. लंडन गेलं, आणि त्याच्या जागी दुसरं कुठलं तितकंच खरं शहर आलं नाही. पुढे बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड हे त्यांचे वीर इंग्रजी थरारकथांच्या वळणाचे होते, आणि त्यांची मुंबई म्हणजे मोटारी, बंगले, क्लब आणि टेलिफोन. गुरुनाथ नाईकांनीही हजाराचा आकडा ओलांडला; त्यांचा कॅप्टन दीप तर कुठल्या शहरात आहे हे विसरलं तरी वाचकाचं काही अडत नाही. याबद्दल नाकं मुरडायचं कारण नाही. रेल्वेच्या आणि एसटीच्या स्टॉलवर, पेठेतल्या फिरत्या वाचनालयात ही पुस्तकं दिवसाच्या भाड्यानं जात. महिन्याला चार-पाच पुस्तकं लिहिणाऱ्याला कुठल्या गल्लीतून कुठली खिडकी दिसते हे पाहत फिरायला सवड नव्हती, आणि तालुक्याच्या गावी बसलेल्या वाचकाला मुंबईचं स्वप्न हवं होतं, तिथली ड्रेनेजची लाइन नको होती. पण याचा परिणाम असा झाला की मराठी वाचकानं पन्नास-साठ वर्षं रहस्यकथा भरपूर वाचली आणि तरी स्वतःच्या गावाकडे कधी संशयानं पाहिलं नाही.

अपवाद आहेत, आणि ते बोलके आहेत. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीचा आहे आणि पुण्यात सायकल हाणतो. त्याच्या हुशारीचा निम्मा भाग म्हणजे गल्ल्याबोळ पाठ असणं. मुलांसाठी लिहिताना भागवतांनी जे जपलं ते मोठ्यांसाठी लिहिणाऱ्यांनी सोडून दिलं, ही गंमतच म्हणायची. दुसरे बाबा कदम. ते पोलीस खात्यात सरकारी वकील होते. कोल्हापूरची माणसं, जमिनीचे तंटे, शिकारीचा नाद, कोर्टाच्या आवारातली कुजबुज त्यांना फायलींमधून आणि साक्षीदारांच्या तोंडून ठाऊक झालेली होती, आणि ती त्यांच्या कादंबऱ्यांत उतरली. बंगालीत प्रियनाथ मुखोपाध्याय या पोलीस दरोगानं १८९० च्या दशकात 'दारोगार दप्तर' काढलं, तेव्हा त्याच्याही हाती कलकत्त्याची हीच कचेरीतली ओळख होती. सुहास शिरवळकर हा याच्या उलटा दाखला. 'दुनियादारी'त पुण्याच्या कॉलेजचा कट्टा त्यांनी असा उभा केला की लोक अजून तो शोधत जातात. त्यांच्याच दारा बुलंद किंवा फिरोझ इराणीच्या कथांत मात्र तसं घट्ट गाव शोधूनही हाती लागत नाही. म्हणजे हातात कसब होतं. रहस्यकथेला ते लागतं, असं वाटलं नव्हतं इतकंच.

इतवारीला ते लागेल. रविवारच्या बाजारावरून नाव पडलेली ही वस्ती भोसल्यांच्या महालाच्या उत्तरेला, आजच्या सेंट्रल एव्हेन्यूला लागून पसरलेली आहे, आणि तिची रचना ओळींची आहे: सराफा ओळ, किराणा ओळ, लोहा ओळ. एका ओळीत एकच धंदा. खाली दुकान, वर घर, मागे माल ठेवायची अंधारी खोली, आणि वरच्या गच्च्या एकमेकींना खेटलेल्या. या रचनेचा अर्थ रहस्यलेखकानं नीट वाचला पाहिजे. समोरचा दुकानदार तुमचा शेजारी आहे, भाऊबंद असू शकतो आणि स्पर्धक तर आहेच. त्यामुळे तुमचं शटर रोज किती वाजता वर जातं, गादीवर आज मुनीम बसलाय की मालक, कोणाचं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत गेलं, हे त्याला तुमच्या बायकोपेक्षा जास्त माहीत असतं. पाळत ठेवायला इथे कुणाला नेमावं लागत नाही. अनोळखी माणूस ओळीत शिरला की दहा पावलांत नोंदला जातो. पण याच ओळींतून दिवसभर हमाल जात असतो, पाठीवर पोतं, मान खाली, आणि त्याला कुणीही पाहत नाही. चेस्टरटननं फादर ब्राऊनच्या 'द इन्व्हिजिबल मॅन' या कथेत पोस्टमनला असंच अदृश्य केलं होतं: दारावर नजर ठेवणारे चौघंही शपथेवर सांगतात की कुणी आलं नाही. लंडनमध्ये त्याला पोस्टमन शोधावा लागला. इतवारीत असा अदृश्य माणूस प्रत्येक ओळीत आहे, आणि सगळ्या ओळींमध्ये फिरायची मुभा असलेला तो बहुधा एकटाच आहे.

सराफ्यात तर अपफिल्डची सगळी हत्यारं उघड्यावर मांडलेली असतात. तेजाब, भट्टी, मूस, चाळणी यांतली एकही वस्तू तिथे संशयास्पद नाही. चोरीचा दागिना मुशीत गेला की काही मिनिटांत त्याची ओळख पुसली जाते. उरतं ते वजन आणि कस. म्हणूनच या बाजारातला तपास दागिन्याच्या रूपावर चालू शकत नाही, तो हातांवर चालतो. जोड कुणाचा, तासणी कुणाची, कमी कसाचं सोनं कुठे भरलंय, हे कारागीर आपल्या अक्षरासारखं ओळखतात, आणि यातले बरेच कारागीर बंगालमधून आलेले असतात. त्यांचा मालकाशी व्यवहार हिंदीत, आपसात बंगालीत. म्हणजे एक संपूर्ण संभाषण मराठी गुप्तहेराच्या कानावरून निघून जाऊ शकतं. आणि मग झारेकरी. सराफांच्या दुकानांपुढची धूळ, नालीतला गाळ गोळा करून, धुऊन, चाळून त्यातले सोन्याचे कण काढणारा हा माणूस मराठीत शतकानुशतकं आहे, आणि रहस्यकथेत त्याला कुणी बोलावल्याचं आठवत नाही. विचार करा: एका ओळीत असा माणूस आहे ज्याचा धंदाच मुळी रोज पहाटे तिथली माती चाळण्याचा आहे. शेरलॉक होम्स गालिच्यावर भिंग घेऊन रांगतो तेव्हा त्याचं कौतुक होतं. झारेकरी तेच काम पोटासाठी करतो, आणि त्याला कोणत्या दुकानापुढच्या धुळीत काय सापडायला हवं आणि काय सापडायला नको, हे होम्सपेक्षा चांगलं ठाऊक असतं. शिवाय सोनं हरवलं तर मालक ओरडेल. नको ते सोनं नालीत सापडलं तर झारेकरी ओरडणार नाही, तो गप्प बसेल. रहस्यकथेला अशी गप्प बसायला सबळ कारण असलेली माणसं लागतात.

उन्हाळ्याकडेही मराठी लेखकानं घामाच्या धारांपलीकडे पाहिलं पाहिजे. इंग्रजी कादंबरीतला डॉक्टर प्रेताला हात लावून, किती गार पडलंय यावरून मृत्यूची वेळ सांगतो. हे गणित खोलीतली हवा शरीरापेक्षा थंड आहे असं धरून चालतं. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, नवतप्याच्या नऊ कडक दिवसांत तर घराच्या भिंतीही हाताला पोळतात. अशा हवेत सदतीस अंशांचं शरीर गार कशाला पडेल? उलट ते तापेल. पण त्याच खोलीत कूलर चालू असेल, वाळ्याच्या टट्ट्यांवरून पाणी झिरपत असेल, तर खोली दहा-पंधरा अंशांनी उतरते आणि नेहमीचं गणित थोडंफार लागू होतं. म्हणजे इतवारीतल्या माडीवर मे महिन्यात सापडलेल्या प्रेताची वेळ ठरवायची तर आधी विचारावं लागेल की कूलर चालू होता का, टाकीत पाणी किती होतं, आणि त्या रात्री लाईन किती वाजता गेली आणि किती वाजता आली. वीज कंपनीची नोंदवही इथे वैद्यकीय पुरावा होते. वर कूलरचा आवाज असा की शेजारच्या खोलीतली ओरड ऐकू येत नाही, आणि लाईन गेली की सगळ्या ओळीतले कूलर एकदम थांबतात व त्या शांततेत पलीकडच्या गच्चीवरचं कुजबुजणंही ऐकू येतं. किती मिनिटं? तेवढ्या मिनिटांची कादंबरी होऊ शकते. प्रेत मेयो रुग्णालयाच्या शवागारात पोचेपर्यंत ही सगळी माहिती बदललेली असणार, कारण कुणीतरी दया येऊन कूलर पुन्हा चालू केलेला असणार.

मारबतीचं तर बोलायलाच नको, आणि तरी बोलायला हवं, कारण तिथे लेखक घसरण्याची सर्वांत जास्त भीती आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, इतवारीतून काळी आणि जागनाथ बुधवारीतून पिवळी मारबत, म्हणजे भलाथोरला पुतळा, मिरवत निघते. काळीची परंपरा १८८१ पासूनची, पिवळीची १८८५ पासूनची सांगतात. मागून त्या-त्या वर्षीच्या दुष्टाव्यांचे बडगे. रोगराई, महागाई, भ्रष्टाचार सगळं गावाबाहेर घेऊन जा, अशा आरोळ्या देत लोटलेली गर्दी, आणि शेवटी दहन. नवशिक्या लेखकाला पहिल्याच झटक्यात सुचेल की प्रेत मारबतीच्या पोटात लपवावं. ते टाळावं. मारबत कित्येक दिवस आधीपासून वस्तीच्या डोळ्यांपुढे घडत असते, तिला हात लावणारे हात मोजके आणि ओळखीचे असतात. तिच्यात काही दडवणं म्हणजे चौकातच दडवणं. खरी संधी दुसरीकडे आहे. त्या दिवशी लाखभर साक्षीदार एकाच वेळी एकाच वस्तूकडे पाहत असतात. 'मी मारबतीत होतो' हे कुणीही म्हणू शकतो आणि कुणालाही खोडता येत नाही. सुजॉय घोष यांच्या २०१२ च्या 'कहानी'त कोलकात्याची दुर्गापूजा असाच आडोसा देते. मात्र दुर्गापूजा अनेक दिवसांची आणि शहरभर विखुरलेली. मारबत एका दिवसाची, ठरल्या रस्त्यांची, आणि दोन मारबतींची भेट कोणत्या चौकात होते हे सगळ्यांना ठाऊक. ज्याला मिरवणुकीचा क्रम पाठ आहे, त्याला कुठली ओळ कधी ओस पडेल हेही पाठ आहे. म्हणजे संशयित बाहेरचा असू शकत नाही, इथपर्यंत गुप्तहेर नुसत्या वेळेवरून पोचतो.

बोलीतही पुरावा असतो, आणि हा मला सर्वांत मोहात पाडणारा आहे. समजा, एक साक्षीदार सांगतो, 'मी गेलो तवा तो शटर लावून राहिला होता.' इतवारीतल्या कुणालाही याचा अर्थ कळतो: तो त्या क्षणी शटर लावत होता, म्हणजे बाहेर उभा होता. साताऱ्याहून बदलून आलेला अधिकारी हेच ऐकेल आणि जबाबात लिहील की त्यानं शटर लावून घेतलं होतं आणि तो आतच राहिला होता. एका वाक्यानं माणूस रस्त्यावरून खोलीत गेला, आणि खोलीत असण्याचा दुसरा अर्थ फासावर जाणं असू शकतो. या कोड्यात कुणी खोटं बोललेलं नाही, जबाबावर साक्षीदाराची सही आहे, आणि उकल करणाऱ्याला फक्त नागपुरी कान हवा. आपल्याकडे वऱ्हाडी-नागपुरी बोली आणली जाते ती बहुतेक हशा पिकवायला, नाही तर नोकराच्या तोंडी. तिच्यावर कथानक टांगता येतं हे नाटकवाल्यांना कळलं, रहस्यकथावाल्यांना अजून कळायचं आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की स्थळ इतकं महत्त्वाचं असेल तर न पाहिलेल्या शहरांवरच्या उत्तम रहस्यकथा कशा काय लिहिल्या गेल्या? आक्षेप खरा आहे. एच. आर. एफ. कीटिंग यांनी मुंबई पोलिसांतला इन्स्पेक्टर गणेश घोटे १९६४ साली 'द परफेक्ट मर्डर'मध्ये आणला तेव्हा त्यांनी भारतात पाऊल ठेवलेलं नव्हतं. ते मुंबईला आले त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी, तोवर घोटेच्या बऱ्याच कादंबऱ्या होऊन गेल्या होत्या. कॉनन डॉयल होम्सची पहिली कादंबरी लिहिताना साउथसीत डॉक्टरकी करत होते आणि लंडनचा नकाशा त्यांचा सोबती होता. शरदिंदू बंद्योपाध्याय १९३८ मध्ये बॉम्बे टॉकीजसाठी मुंबईला आले, पुढे पुण्यात स्थायिक झाले, आणि कलकत्त्यात फिरणाऱ्या गुप्तहेर ब्योमकेशच्या उत्तरार्धातल्या कितीतरी कथा त्यांनी पुण्यात बसून लिहिल्या. (नागपूरकरांना आणखी जवळचा दाखला सिवनीचा. मोगलीचं जंगल तिथलं. किपलिंग तिथे गेलेच नव्हते, त्यांच्या हाती स्टर्नडेलचं १८७७ चं पुस्तक होतं.) पण हे दाखले बारकाईनं पाहिले तर माझ्याच बाजूला येतात. लेखकानं तिथे राहिलंच पाहिजे, असं मी म्हणत नाही. शहर कसं चालतं हे त्याला कळलं पाहिजे. शरदिंदूंच्या डोक्यात कलकत्त्याच्या मेसमधलं जगणं आधीच पक्कं बसलेलं होतं. कीटिंग यांनी मुंबईचे वास आणि रंग फार मिरवले नाहीत. घोटेचं अवघड जिणं आहे ते वरिष्ठ, बडे संशयित आणि कागदपत्रं यांच्या कात्रीत, आणि ती कात्री दूरवरूनही नीट अभ्यासता येते. जिथे त्यांचं चुकतं तिथे रस्त्याच्या आणि घराच्या बारीक व्यवहारात चुकतं, हे मराठी वाचकाला पानापानावर जाणवतं.

दुसरा आक्षेप वाचकाचा आहे: ज्यानं नागपूर पाहिलं नाही त्याला झारेकरी, नवतपा, मारबत समजावत बसलात तर कोडं कधी सुटणार? उत्तर असं की समजावत बसायचंच नाही. हेनिंग मँकेलनं १९९१ पासून कुर्ट वॉलँडर या पोलीस अधिकाऱ्याला स्वीडनच्या दक्षिण टोकाच्या इस्टाडमध्ये फिरवलं, आणि ज्यांनी नकाशावर इस्टाड शोधलंही नव्हतं अशा लाखो वाचकांना ते आपलं वाटलं. सत्यजित राय यांनी आपल्या गुप्तहेराला, फेलुदाला, वेरूळच्या कैलास लेण्यात आणलं तेव्हा लेण्यांची माहिती चोरीच्या तपासाबरोबर येत गेली. वाचकाला जेवढं लेणं लागलं तेवढंच मिळालं. नवतप्याचा निबंध नको, कूलरच्या टाकीतलं पाणी किती उरलं होतं तेवढं पुरे. खऱ्या वस्तीतल्या खऱ्या लोकांना राग येईल, हा तिसरा आक्षेप मी फार वेळ धरणार नाही. ओळ खरी ठेवावी, दुकान काल्पनिक. टोनी हिलरमननं नावाहो लोकांच्या मुलखात खुनावर खून घडवले, पण त्यांचे विधी, भीती, पायवाटा चुकू दिल्या नाहीत. नावाहो राष्ट्रानं १९८७ मध्ये त्याला आपला खास मित्र म्हणून गौरवलं. लोकांना खून खपतो. चुकीची गल्ली खपत नाही.

आणखी एक शंका नव्या काळाची: आता प्रत्येक दुकानावर कॅमेरा आहे, मग लपायला जागा कुठे आणि तपासाला वाव कुठे? तिच्यात तथ्य आहे. 'मी तिथे नव्हतोच' हे म्हणणं अवघड झालंय. पण कॅमेरा कोण लावतो ते पाहावं. सराफ तो आपल्या गल्ल्यावर आणि उंबरठ्यावर रोखतो, शेजाऱ्याच्या दारावर नाही. शेजाऱ्याच्या दारावर रोखला तर ओळीत भांडण होईल. त्यामुळे इतवारीचं जे चित्र यंत्रांत साठतं ते उंबरठ्यांचं आहे, मधल्या गल्लीचं तुकड्या-तुकड्यांत, आणि खेटलेल्या गच्च्यांचं जवळजवळ नाहीच. त्यात ही वस्ती एकाच पोलीस ठाण्याची नाही. तहसील, कोतवाली, लकडगंज यांच्या हद्दी इथे आसपास भेटतात, आणि गच्चीवरून पलीकडे गेलेला माणूस एका ठाण्यातून दुसऱ्या ठाण्यातही गेलेला असू शकतो. शिवाय डिसेंबर २०२२ पासून सेंट्रल एव्हेन्यूवरून प्रजापतीनगरपर्यंत मेट्रो धावते. अग्रसेन चौक, चितार ओळ चौक ही तिची उन्नत स्थानकं जुन्या घरांच्या माड्यांच्या उंचीवर आहेत. छिंदवाड्याची नॅरोगेज २०१५ मध्ये थांबेपर्यंत इतवारी स्थानकातली गाडी जमिनीवरून, परसांच्या मागून जायची. तिच्यातून दिसायचे ते वाळत घातलेले कपडे आणि नाल्या. मेट्रोतून दिसतात त्या गच्च्या, ज्या आजवर फक्त शेजाऱ्यांच्या होत्या. उद्याच्या लेखकानं मात्सुमोतोसारखं वेळापत्रक हातात घेऊन त्या फलाटावर उभं राहावं: समोरच्या मार्गिकेवर गाडी नसताना पलीकडची कोणती गच्ची दिसते, ती किती सेकंद दिसते, संध्याकाळी उन्हाची तिरीप डोळ्यांवर येते तेव्हाही दिसते का, आणि त्या गच्चीवर रात्री झोपणाऱ्या माणसाला आपण दिसतो हे अजून ठाऊक झालंय का.